उसाला जाणारे मूल आणि न विचारलेला प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, चौथीत पोचूनही वाचता न येणाऱ्या मुलाबद्दल विचारले की उत्तर तयार असते : ‘उसाला जातो.’ उत्तर खोटे नाही. दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांची हालचाल सुरू होते, दिवाळीनंतर वाड्या-वस्त्या ओस पडतात आणि हजेरीपटावर कितीतरी नावांपुढे गैरहजेरीची रांग लागते. मार्च-एप्रिलमध्ये मूल परत येते तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. इतके ढळढळीत कारण समोर असताना दुसरे शोधायला कोण जाईल? पाटोद्याच्या शाळेचा इतिहास पाहिला तर मागे पडणाऱ्या मुलासाठी असे एखादे तयार कारण प्रत्येक काळात हजर होते : कधी भाषा, कधी गरिबी, कधी ऊस. ती कारणे खरी होती, आणि खरी होती म्हणूनच त्यांच्या आड एक मूल दिसेनासे झाले. अक्षर, आवाज, आकडा किंवा भोवतालचा गलका ज्याचा मेंदू वेगळ्या रीतीने घेतो, असे हे मूल. आज त्याच्या वेगळेपणाला आपण अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, अतिचंचलता अशी नावे देतो. त्याला सर्वांच्या वर्गात आधार द्यायचा तर प्रमाणपत्राची वाट न पाहता वर्गातूनच सुरुवात करावी लागेल, आणि तशी सुरुवात करण्याची रीत मराठी मुलखाला परकी नाही, असे माझे म्हणणे आहे.

पाटोदा म्हटले की पुष्कळांना आदर्श ग्रामपंचायतीमुळे गाजलेले छत्रपती संभाजीनगरजवळचे (पूर्वीच्या औरंगाबादजवळचे) पाटोदा आठवते. हे ते नव्हे. हे बालाघाटाच्या डोंगररांगेवरचे तालुक्याचे गाव. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, सौताड्याला विंचरणा कड्यावरून खाली कोसळते. पण उगमाच्या माथ्यावर राहणाऱ्यांना नदीचा उपयोग थोडाच, पाणी वाहून जाते ते खालच्यांकडे. जमीन हलकी, मुरमाड; ज्वारी-बाजरीवर घर चालणे पावसाच्या मर्जीवर. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी शाळांच्या पायऱ्या तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशा होत्या आणि वर चढावे तशी शिकवण्याची भाषा उर्दू होत जाई. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. घरी मराठी बोलणारे शेतकऱ्याचे पोर वरच्या वर्गात अडले, तर ते भाषेमुळे अडले हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी या खासगी मराठी शाळांचे महत्त्व त्यातूनच वाढले. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते. भाषेचा लढा न्याय्य होता. मात्र माध्यम मराठी झाल्यावरही जी मुले अडलेलीच राहिली असतील, त्यांच्याकडे पाहण्याइतकी उसंत त्या काळाला नव्हती. १९५१ च्या जनगणनेत संपूर्ण हैदराबाद राज्याची साक्षरता दहा टक्क्यांच्याही आत होती. जिथे दहांतले नऊ निरक्षर, तिथे न वाचणारे मूल वेगळे म्हणून उठून दिसणार कसे?

त्याआधीची शाळा म्हणजे पंतोजीची शाळा. मुंबई इलाख्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात, १८२० च्या दशकात, देशी शाळांची जी पाहणी झाली तिच्यात सुमारे १,७०० शाळा नोंदल्या गेल्या. ही पाहणी ब्रिटिश हद्दीतली. पण ओसरीवर, देवळात किंवा कुणाच्या पडवीत भरणारी शाळा निजामाच्या हद्दीतल्या मराठी गावांनाही अनोळखी नव्हती. या शाळेचे एक वैशिष्ट्य आज मुद्दाम पाहण्यासारखे आहे : तिला इयत्ता नव्हत्या. मूल कोणत्याही महिन्यात येई, आपल्या गतीने धूळपाटीवरून पाटीवर आणि पाटीवरून कागदावर जाई. मोठी मुले लहानांना घोटवून घेत. हीच रीत अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासेत पाहिली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहून इंग्लंडात नेली. धूळपाटी म्हणजे लाकडी फळीवर पसरलेली बारीक धूळ. तीवर बोटाने किंवा काडीने अक्षर ओढायचे, ओढताना मोठ्याने म्हणायचे, चुकले की हाताने सपाट करून पुन्हा ओढायचे. बोटाला अक्षराचे वळण कळते, कानाला आवाज, डोळ्याला आकार, आणि चुकीची खूण मागे राहत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत ग्रेस फर्नाल्ड यांनी वाचनात अडलेल्या मुलांसाठी बोटाने अक्षर गिरवत उच्चार करण्याची पद्धत बांधली आणि १९४३ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. दोहोंचा एकमेकींशी संबंध नाही. पण अडलेल्या मुलाला अक्षर कसे भिडते याबद्दल दोघींचा अंदाज एकच आहे.

या शाळेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. तिची दारे मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना बंद होती. छडी, अंगठे धरून उभे करणे, कान पिळणे हे तिचे रोजचे व्यवहार होते, आणि ज्या मुलाला अक्षर लागत नसे त्याच्या वाट्याला ते सर्वांत जास्त येत असणार. अर्थ न कळता पाठ करण्यावर भर इतका, की पावकी-निमकी धडाधड म्हणणाऱ्याला साधे पत्र वाचता येईल याची खात्री नसे. म्हणून ती शाळा आदर्श होती असा दावा नाही. दावा एवढाच की एकाच वयाची सगळी मुले एकाच तारखेला एकाच धड्यावर असली पाहिजेत ही कल्पना आपल्याकडे अनादी नाही. ती आली, तिला आणणारी माणसे आणि हिशेब होते, आणि तिच्यामुळेच ‘नापास’ नावाचा मुलगा जन्माला आला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याने इयत्ता, ठरीव पुस्तके आणि तपासनीसाची वार्षिक परीक्षा अशी घडी बसवली. अनुदान निकालावर देण्याची पद्धत आली तेव्हा तर पास होणारे मूल शाळेला पैसा मिळवून देऊ लागले आणि न होणारे मूल तोट्याचे झाले. हेच जगभर घडत होते. १८९६ मध्ये इंग्लंडातल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकिगत छापली : गणितात तरबेज, बोलण्यात चलाख, पण वाचन जमत नाही. शाळा सक्तीची झाली नसती तर हा मुलगा डॉक्टरकडे गेलाच नसता. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली तीही पॅरिसच्या शाळांत कुणाला जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. ती कसोटी आपल्याकडे आणण्याचे मोठे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. मराठी आणि कन्नड मुलांवर पारखून घेतलेली त्यांची आवृत्ती १९४० मध्ये पुस्तकरूपाने आली आणि पुढे कैक वर्षे महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत ‘कामत टेस्ट’ या नावाने चालली. बिनेचा हेतू मदतीचा होता, पण व्यवहारात कसोटी हळूहळू वर्गातून बाहेर काढायच्या मुलांची निवड करू लागली. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ मध्येच निघाली होती. १९४१ मध्ये मानखुर्दला मतिमंद म्हटल्या गेलेल्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले, १९४४ मध्ये जय वकील शाळा निघाली, १९६४ मध्ये पुण्यात कामायनी. या संस्थांनी घरात कोंडून ठेवलेल्या मुलांना माणसांत आणले, त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या शहरात होत्या आणि वेगळ्या होत्या. पाटोद्याच्या मुलाला यांतला एकही दरवाजा चालत जाता येईल इतका जवळ नव्हता, आणि ज्याची अडचण फक्त अक्षरांपुरती होती त्याच्यासाठी शहरातही काही नव्हते.

वेगळी वाट दिसते ती तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, हे कारण तिथेही तयार होते. ताराबाईंनी ते कारण नाकारले नाही आणि तिथेच थांबल्याही नाहीत. गुरे जिथे चरतात तिथेच शिक्षक गेला आणि कुरणशाळा झाली. धाकटी भावंडे आली तर बालवाडी शेजारीच. शंख, शिंपले, बिया, पाने हेच साहित्य. मुलाला शाळेच्या साच्यात बसवण्याआधी शाळेची वेळ, जागा आणि साहित्य हलवून पाहावे, हे तत्त्व त्यांनी कुठलेही निदान न करता, कुणालाही वर्गवारीचा शिक्का न मारता अमलात आणले. सर्वसमावेशक शिक्षणाची जागतिक घोषणा म्हणून १९९४ च्या सालामांका परिषदेचा दाखला नेहमी दिला जातो. त्या परिषदेने शाळांना सांगितलेली मुख्य गोष्ट कोसबाडला जवळपास चार दशके आधीच रोज घडत होती. आपल्या प्रशिक्षण वर्गांत सालामांका येते आणि कोसबाड येत नाही, याचे मात्र नवल वाटते.

पाटोद्यात शाळा हलली ती उसामुळे. १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात धुराडी उभी राहिली. त्यांना तोडणीला माणूस हवा होता. बालाघाटावर माणूस होता आणि काम नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने उरलासुरला आधारही तोडला. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, केज इथून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल घेऊन निघू लागली : कुणी गाडी सेंटरला, कुणी टायरला, कुणी डोकी सेंटरला, अशी कामाच्या प्रकारांवरून टोळ्यांची नावे. पहाटे अंधारात फडात जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. कोपीवर राहते ती सात-आठ वर्षांची पोर. तिच्या कडेवर धाकटे भावंड, चुलीजवळ हंडा. थोडे मोठे झालेले पोरगे वाढे गोळा करते, बैलांना पाणी दाखवते. या मुलात चपळाई आहे, हिशेब आहे, दिशेचे भान आहे. त्याच वेळी त्याला अक्षर का लागत नाही, हे विचारायला त्या पाच-सहा महिन्यांत त्याच्याभोवती एकही माणूस नसतो.

सरकारला आणि संस्थांना हे दिसत नव्हते असे नाही. कारखान्याच्या तळावर साखरशाळा निघाल्या; २००० नंतरच्या वर्षांत जनार्थ या संस्थेने त्या मोठ्या प्रमाणावर चालवल्या. वाड्या-तांड्यांवर वस्तीशाळा आल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मूल जिथे जाईल तिथल्या नियमित शाळेत त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे असे त्याने ठरवले आणि तात्पुरत्या साखरशाळा मागे पडल्या. दुसरीकडे गावातच हंगामी वसतिगृहे सुरू झाली : आई-बाप उसाला, मूल गावात, दोन वेळचे जेवण शाळेत, आणि बरीचशी मुले झोपायला आजी-आजोबांकडे. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आणली, तिच्या पहिल्या टप्प्यातल्या तालुक्यांत पाटोदा होता. भगवानबाबांचा जन्मच पाटोदा तालुक्यातल्या सावरगावचा. या योजनांच्या अंमलबजावणीत खोट काढायला जागा पुष्कळ आहे, वर्तमानपत्रांनी ती काढलीही आहे. तरी इतिहासकाराच्या नजरेने पाहिले तर त्यांत एक मोठी गोष्ट घडली. मुलाच्या आयुष्याचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळत नसेल तर शाळेने वाकावे, हे शासनाने कागदावर मान्य केले. दोष मुलाचा नाही, हेही त्यासोबत मान्य झाले.

याच वर्षांत दुसऱ्या एका रुळावरून दुसरीच गाडी चालली होती. अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची केंद्रीय योजना १९७४ ची. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारांचे अपंगत्व होते; त्यांत ना स्वमग्नता, ना अध्ययन अक्षमता. १९९६ मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच वर्षी राज्य सरकारने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास मान्यता दिली : जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट. देशात हे पाऊल फार लवकरचे होते आणि त्यामागे मुंबईतल्या पालकांची आणि डॉक्टरांची चिकाटी होती. पण सवलतीचा मार्ग रुग्णालयाच्या प्रमाणपत्रातून जात होता, आणि सुरुवातीला तपासणीची साधने मुख्यतः इंग्रजीत होती. मराठी वाचनाच्या अडचणी तर वेगळ्याच. ‘किती’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि तिचा उच्चार नंतर करायचा. ‘तर्क’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘तऱ्हा’ या चार शब्दांत एकच ‘र’ चार वेषांत येतो. इंग्रजी शब्दयादीवर मराठी मुलाची ही धडपड कशी मोजणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘दाली’ ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणली ती २०१५ मध्ये, म्हणजे सवलतींनंतर एकोणीस वर्षांनी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने यादी सातांवरून एकवीसवर नेली, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना तीत जागा दिली. दरम्यान १९९० च्या दशकात स्वमग्न व्यक्तींनीच, मेंदूंची विविधता ही माणसाच्या इतर विविधतांसारखीच धरा, असे म्हणायला सुरुवात केली होती.

हे दोन रूळ पाटोद्यात एकमेकांना कुठेच मिळाले नाहीत. स्थलांतराच्या योजनेने मुलाचे दिवस मोजले : किती हजर, किती गैरहजर. दिव्यांगांच्या योजनेने प्रमाणपत्रे मोजली. उसाला जाणारे आणि त्यातून अक्षरांध, म्हणजे वाचनाची अध्ययन अक्षमता असलेले, मूल पहिल्या योजनेत ‘शाळाबाह्य’ ठरले आणि दुसरीत नोंदलेच गेले नाही. यात शिक्षकाचा आळस नाही. अडचण निदानाच्या व्याख्येतच आहे. मानसोपचाराच्या जगमान्य नियमावलीत अध्ययन अक्षमतेचे निदान करण्याची एक अट अशी आहे की, मुलाची अडचण अपुऱ्या शिक्षणाने अधिक चांगली समजावता येत असेल तर हे निदान करू नये. डॉक्टरच्या दृष्टीने अट रास्त आहे. ज्याला शिकवलेच नाही त्याच्यावर अक्षमतेचा शिक्का कसा मारायचा? पण तिचा परिणाम पाहा. ज्याचे निम्मे वर्ष दरवर्षी फडात जाते त्याचे शिक्षण कायमच अपुरे, म्हणून त्याचे निदान कायमच पुढे ढकललेले. प्रमाणपत्र मिळते ते अशा मुलाला, ज्याची शाळा नीट चालू आहे, घरात वाचणारे कुणी आहे आणि तपासणीच्या फेऱ्यांसाठी मजुरी बुडवावी लागत नाही. सवलतींची सारी रचना नकळत शहरी, स्थिर घर गृहीत धरून उभी राहिली आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे : पाटोद्यातली खरी अडचण मेंदूची नसून गरिबीची आहे, उचल आणि मुकादम यांची आहे, तिथे मेंदूंची विविधता वगैरे बोलणे म्हणजे शोषणाच्या प्रश्नाला वैद्यकीय झालर लावणे. आक्षेपात जोर आहे. मुकादमाच्या वहीतले कर्ज फिटल्याशिवाय मूल शाळेत टिकणार नाही, हे कुणी नाकारू नये. मात्र गरिबी कुणालाही मेंदूच्या वेगळेपणापासून सूट देत नाही. शहरातल्या वर्गात जशी काही मुले अक्षराशी झगडतात, तशी ती वस्तीवरही असणारच. फरक इतकाच की इथे त्यांच्यावर दोन्ही ओझी एकदम आहेत. दोन्हीतले कोणते कुठे आहे हे ओळखण्याची संधी नेमकी हंगामी वसतिगृहाने दिली आहे. तिथली मुले पूर्ण हंगाम शाळेत असतात. सगळ्यांना सारखे शिकवून, जादा मदत देऊन चार-पाच महिने पाहिले तर बहुतेक मुले पुढे सरकतात, आणि काही तरीही अडकून राहतात. या काहींच्या बाबतीत ‘उसाला जातो’ हे उत्तर आता चालत नाही. अमेरिकेने २००४ च्या कायदादुरुस्तीत नेमकी अशीच मुभा दिली. बुद्ध्यंक आणि गुण यांतली तफावत पाहण्याऐवजी आधी मदत द्या आणि मूल तिला कसा प्रतिसाद देते त्यावरून अडचण ओळखा. आधी आधार, मग नाव. पाटोद्यासारख्या तालुक्याला हा क्रम अमेरिकेपेक्षा जास्त लागू पडतो.

दुसरा आक्षेप पालकांच्या संघटनांचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो : प्रमाणपत्र कमी लेखू नका. दहावीच्या परीक्षेत लेखनिक मागायचा तर कागदच लागतो. कागद नसेल तर शिक्षकाची सहानुभूती बदलीबरोबर निघून जाते. मान्य. वर्गातला आधार प्रमाणपत्राच्या जागी यावा असे कुणी म्हणत नाही. तो प्रमाणपत्राच्या आधी यावा. कायदाही हेच सांगतो, फक्त ते कलम वाचले जात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्यानुसार जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य केले आहे. त्यासाठी कुठल्याही दाखल्याची अट नाही. २०१६ च्या कायद्याचे १६ वे कलम तर अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थेवरच टाकते, आणि १७ वे कलम दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करायला सांगते. ही पाहणी डिसेंबरात झाली तर पाटोद्यात ती कुणाची होणार? जी मुले फडात आहेत ती तिच्यातून आपोआप सुटली. जुलै-ऑगस्टात, वर्ग भरलेले असताना ती करणे ही इतकी साधी गोष्ट आहे की ती परिपत्रकात सुचत नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांच्या खोलीतला. दोन शिक्षकी शाळा, चार इयत्ता, पोषण आहार, निवडणुकीचे काम, ऑनलाइन माहिती. त्यात एकेका मुलाकडे वेगळे पाहायचे कधी? विशेष शिक्षक पुरेसे नाहीत हे न्यायालयानेही मानले आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा गरजू मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण दिले. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दर केंद्राला एक याप्रमाणे ४,८६० पदांना मान्यता दिली, म्हणजे एका माणसाकडे अनेक शाळा. तो आठवड्यातून एकदा येईल, उरलेले दिवस वर्गशिक्षकाचेच. तरीही बहुवर्ग शिकवणारा शिक्षक या कामाला सर्वांत नालायक नसून सर्वांत जवळचा आहे. एकाच खोलीत पहिली ते चौथी बसवणाऱ्याला एकाच वेळी चार पातळ्यांवर काम देण्याची सवय असते. मोठ्याने धाकट्याला घोटवावे ही जुनी रीत त्याच्याकडे गरजेपोटी जिवंत आहे. त्याला हवे आहे ते थोडे : मूल इयत्तेने न बसवता पातळीने बसवण्याची अधिकृत मुभा, चौथीच्या मुलाला दुसरीचा मजकूर दिला तर तपासणीत जाब विचारला जाणार नाही याची खात्री, वाचून दाखवलेल्या प्रश्नाला तोंडी दिलेले उत्तर धरण्याची परवानगी, आणि गलक्याने बिथरणाऱ्या मुलासाठी भिंतीकडेची एक जागा. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा २०१५ चा कार्यक्रम आणि त्याआधी साताऱ्यातल्या कुमठे बीटने केलेले ज्ञानरचनावादी काम यांनी जमिनीवर आखलेले तक्ते, गोट्या, काड्या वर्गात आणल्या होत्या. पुढे आकडेवारीची घाई झाली आणि शंभर टक्के प्रगत शाळांचे फलक लागले. शंभर टक्क्यांच्या फलकामागे अडलेले मूल लपवावेच लागते. निकालावर अनुदान देणाऱ्या जुन्या तपासनीसाने हेच घडवले होते.

इतर मुलांचे नुकसान होईल, ही भीती राहतेच. पण पातळीनुसार काम देणाऱ्या वर्गात उसावरून एप्रिलमध्ये परतणाऱ्या प्रत्येक मुलाला जागा आपोआप तयार असते. अक्षरांध मुलासाठी केलेली सोय पाटोद्यात सर्वांत जास्त उपयोगी पडेल ती अक्षरांध नसलेल्या, नुसत्या बुडालेल्या मुलाला. या तालुक्यात दोन्ही प्रश्न वेगळे सोडवण्याची चैन परवडणारी नाही, आणि त्याची गरजही नाही.

सध्या स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळा शिक्षण हमी कार्ड देते, म्हणजे नव्या गावच्या शाळेत त्याला कागदपत्रांशिवाय बसता यावे. त्यावर नाव आणि इयत्ता असते. त्यातच शिक्षकाने दोन-तीन ओळी लिहिल्या, की हा मुलगा ऐकून चटकन समजतो, वेलांटीशी अडखळतो, गर्दीत बोलत नाही, हिशेब तोंडी बरोबर करतो, तर पुढचा शिक्षक पहिल्या दिवसापासून सुरुवात करू शकेल आणि तीन-चार वर्षांच्या अशा ओळी एकत्र आल्या तर तपासणाऱ्या डॉक्टरलाही ‘अपुरे शिक्षण’ या अटीच्या पलीकडे पाहायला पुरावा मिळेल. टोळी सातारा-सांगलीकडे गेली तर हे जमण्यासारखे आहे. ती बेळगावकडच्या कारखान्यावर गेली, तर मराठीतल्या या ओळी तिथल्या कन्नड शाळेत कोण वाचणार, याची तजवीज अजून करायची आहे.